संगणक नीट बंद केला नव्हता

अंबडच्या कोर्टासमोरच्या गल्लीत मी संगणकाचा क्लास चालवायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. दोन खोल्या, सहा जुने संगणक आणि मनाला येईल तेव्हा जाणारी लाईट. दुरुस्तीला माणूस जालन्याहून यायचा, तोही चार वेळा फोन केल्यावर. म्हणून मीच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला आणि बघता बघता गावात कुणाचाही संगणक अडला की मला बोलावणं यायला लागलं.

असंच एक बोलावणं कोर्टातून निवृत्त झालेल्या एका टायपिस्ट काकांचं आलं. उभा जन्म त्यांनी मराठी टाइपरायटरवर काढलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी वापरलेला संगणक घेतला. मराठी फॉन्टची अक्षरं टाइपरायटरच्याच जागी होती, त्यामुळे बोटं लगेच पळायला लागली. ते एक शब्दसंग्रह टाइप करत होते. आपल्या भागातल्या जमिनीच्या जुन्या कागदांत निजामाच्या काळातले उर्दू-फारसी शब्द ठासून भरलेले. मुंतखब म्हणजे काय, शिकमी कोणाला म्हणायचं, हे विचारायला नवे वकील काकांच्या ओट्यावर येऊन बसत. ते सगळे अर्थ एकदाचे कागदावर यावेत म्हणून काकांनी एकेका अक्षराची वेगळी फाईल केली होती.

मी गेले तेव्हा काका खुर्चीत ताठ बसले होते. पडद्यावर निळा रंग, आणि खाली एक पिवळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. डिस्कची तपासणी चालू होती.

"रोज सकाळी हेच," काका म्हणाले. "वर काय लिहून येतं, ते वाचा ताई."

मला ते पाठ होतं. संगणक नीट बंद केला नव्हता, आणि हा संदेश पुन्हा दिसू नये असं वाटत असेल तर नेहमी नीट बंद करत जा.

"मी रोज बराबर बंद करतो. तरी हे मलाच शिकवून राह्यलं."

"लाईट जात असेल काका. न्हाईतर घाईत तुम्ही सरळ बटण दाबत असाल."

"बिलकुल न्हाई."

माझा विश्वास बसला नाही. क्लासमध्ये रोज पाहत होते मी, सगळे असंच म्हणायचे. मी पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला शिकवावं तसं त्यांना संगणक बंद कसा करायचा ते पुन्हा दाखवलं. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी त्यावेळी पंचविशीतसुद्धा नव्हते.

आठ दिवसांनी ते स्वतः क्लासमध्ये आले आणि माझ्या टेबलावर एक वही ठेवली. रोजची तारीख, संगणक बंद केल्याची वेळ, कसा बंद केला ते, आणि प्रत्येक ओळीपुढे साक्षीदार म्हणून काकूंची सही. क्लासमधल्या मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. मलाही हसू फुटलं. काका मात्र हसले नाहीत.

"कोर्टात असा पुरावा चालतो, ताई. तुमच्याकडं चालतो का?"

माझं हसू तिथंच विरलं. मी त्याच दुपारी क्लास लवकर सोडून त्यांच्या घरी गेले. काकांना म्हटलं, माझ्यादेखत बंद करा. त्यांनी एकेक फाईल मिटली, योग्य जागी टिचकी मारली, आणि काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटेपर्यंत हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. आता बंद करायला हरकत नाही, असं ती अक्षरं सांगत होती. मग कुठे त्यांनी बटण दाबलं. माझ्या क्लासमध्ये एवढ्या शिस्तीनं कुणीच संगणक बंद करत नव्हतं, मी धरून.

पुन्हा चालू केला. पुन्हा निळा पडदा, पुन्हा तोच ठपका.

"मंग?" काकांनी विचारलं.

मी कान संगणकाच्या डब्याला लावला. आतून टक्, टक् असा आवाज येत होता. यावेळी मी वरवरची तपासणी न करता डिस्कचा सगळा पृष्ठभाग तपासायला लावला. तासाभरात पडद्यावरच्या चौकोनांत लाल खुणा उगवायला लागल्या, आधी एक-दोन, मग झुबके. डिस्क जागोजागी खराब झाली होती. नीट बंद केल्याची खूण लिहून ठेवणंही तिला धड जमत नव्हतं, म्हणून रोज तो ठपका.

"काका, तुमचं काही चुकलेलं न्हाई," मी म्हणाले. "चूक माझी झाली. मी आधी तुम्हालाच धरलं, डिस्क तपासलीच न्हाई."

त्यांनी फक्त स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलं का? ताई काय म्हणून राह्यल्या?"

मी क्लासमधून फ्लॉप्यांचा डबा आणला. एकेक फाईल निघत होती. मध्येच डिस्क अडायची, आम्ही तिला थंड होऊ द्यायचो, पुन्हा लावायचो. शेवटच्या काही अक्षरांच्या फायली मात्र निघाल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी ती डिस्क चालूच झाली नाही. पहिल्या दिवशीच माझं लक्ष गेलं असतं, तर कदाचित सगळ्याच वाचल्या असत्या. हे मी बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, "राहू द्या. बोटं शाबूत हायेत अजून."

मी दुसरी डिस्क बसवली. गेलेली अक्षरं पुन्हा टाइप व्हायला लागली, तशी मी बऱ्याच दुपारी तिथं जाऊन बसायचे. काम असं काही नव्हतं. काका आठवायचे, अडायचे, आणि आतून काकू शब्द सांगायच्या. इतकी वर्षं ओट्यावरचं बोलणं त्यांच्या कानावर पडत आलेलं.

"शिकस्त न्हाई घेतलं तुम्ही, नदीनं कापून नेलेली जमीन," एकदा त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

"ते पहिल्या वेळी पण न्हवतं," काका म्हणाले.

"मंग आता घ्या."

काकांनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि टाइप करायला घेतलं.