सिल्लोडच्या रेकॉर्डची जादा पाळी

घरात साडेतीनशेवर रेकॉर्डी असूनही आज काय ऐकायचं हे स्वतः कधीही न ठरवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. मामांनी उमेदीची सगळी वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून काढली. कोण कधी आलं, कधी गेलं, कुणाची कुठली पाळी, कुणाला सुट्टी, हे लिहिण्यात हयात गेल्यावर निवृत्त माणसानं जरा स्वस्थ बसावं की नाही? मामांनी शहागंजच्या जुन्या बाजारातून वर्षानुवर्षं गोळा केलेल्या रेकॉर्डींनाच कामावर घेतलं. एक लांबलचक हजेरीपुस्तक आणलं, प्रत्येक रेकॉर्डला नंबर दिला आणि ड्यूट्या लावल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, ओळीनं. एकदा वाजलेल्या रेकॉर्डची पाळी पुन्हा यायला सहा महिने लागतात. चरे पडलेल्यांना लाइट ड्यूटी, म्हणजे एकच बाजू. वाजवून झालं की मामा रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसतात, पुस्तकात तिच्यापुढं ‘हजर’ लिहितात आणि तिला सहा महिन्यांच्या रजेवर पाठवतात.

लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा त्यांच्या गारखेड्याच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा ड्यूटीवर नेमकी विरहगीतं होती. पुरणपोळीच्या प्रत्येक घासाला कोणीतरी कोणाला तरी सोडून जात होतं. पुढं एकदा पुण्याहून एक जाणकार गृहस्थ मामांकडची कुठलीशी दुर्मिळ रेकॉर्ड ऐकायला मुद्दाम आले. मामांनी त्यांना चहा पाजला, हजेरीपुस्तक दाखवलं आणि श्रावणात यायला सांगितलं. त्या दिवशीची पाळी होती कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती देणाऱ्या सरकारी रेकॉर्डची. बिचाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मी हसत होते, पण मामा गंभीर होते. मला म्हणाले, “सूनबाई, कंपनीत बघितलंय मी. आवडत्या माणसाला रोज जुंपलं की तो झिजून जातो, अन् नावडता बसून गंजतो. दोघांचं बी नुकसान हाय.” मी बोंडअळीला मनातल्या मनात नमस्कार केला.

हा न्याय घरातल्यांनाही तसाच लागू होता. मामी सिल्लोडच्या. लग्नात त्यांच्या भावानं त्यांना एक रेकॉर्ड दिली होती, खर्जातल्या भारदस्त आवाजाच्या एका गायकाची भावगीतं. मामांनी विकत न आणलेली घरातली ही एकमेव रेकॉर्ड, पण माहेरचा वशिला हजेरीपुस्तकात चालत नसे. वर्षातून दोनदा तिची पाळी यायची. त्या दिवशी मामी हातातलं काम बाजूला ठेवून रेकॉर्ड प्लेअरजवळ स्टुलावर बसायच्या, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि पुन्हा स्वयंपाकघरात जायच्या. मधेच लावा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी असते तर पहिल्याच वर्षी ते पुस्तक बंबात घातलं असतं.

गेल्या पावसाळ्यात मामींना कमी ऐकू येऊ लागलं. दाखवायला नेलं तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की अशा कानांतून आधी बारीक आवाज जातात, शिट्ट्या, पैंजण, खरखर; जाड आवाज त्यामानानं बरेच दिवस राहतात, पण हळूहळू तेही जातील. यंत्रानं बोलणं कळेल, गाण्याची मात्र खात्री नाही. परतताना रिक्षात आकाशवाणी चौक ओलांडल्यावर मामींनी एवढंच विचारलं, “माझी सिल्लोडवाली कधी हाय ओ?” मामांनी बोटांवर मोजून सांगितलं, दिवाळीनंतर. मामी “बरं” म्हणाल्या. मला इतका राग आला, की मी तीन दिवस मामांकडं फिरकले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या गल्लीतून भाजी आणायला चालले होते, तर वरून तोच खर्जातला आवाज आला, नेहमीच्या दुप्पट मोठा. मी जिना चढून गेले. मामी स्टुलावर बसल्या होत्या आणि मांडीवरच्या ताटातली तूर निवडायची तशीच राहिली होती. हजेरीपुस्तक उघडं होतं. सिल्लोडच्या रेकॉर्डपुढं मामांनी लाल शाईनं ‘ओव्हरटाइम’ लिहिलं होतं, आणि ते एका दिवसापुरतं नव्हतं. पान संपेपर्यंत रोज, पुढच्या पानावरही रोज. माझ्याकडं न बघता मामा म्हणाले, “अर्जंट ऑर्डर आली की कंपनीत बी नियम बाजूला ठेवतात.” माझा राग तिथंच संपला. उलट, इतकी वर्षं या माणसाची टिंगल केली याचीच थोडी लाज वाटली.

तेव्हापासून ती रेकॉर्ड रोज सकाळी वाजते. बाकीच्या साडेतीनशे जणींना आता फक्त संध्याकाळची पाळी. रोजच्या सुईनं ती झिजली आहे आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी तडतडते. प्रत्येक तडतडीला मामांचा चेहरा दुखऱ्या दातावर घास आल्यासारखा होतो, पण ते रेकॉर्ड काढत नाहीत.

परवा गेले होते. मामींनी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. गाण्याच्या वेळी ते त्यांना टोचल्यासारखं वाटतं. स्टूल प्लेअरला अगदी चिकटवून बसल्या होत्या. गाणं संपलं तशा माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, “पयले लई खरखरायची गं ही. आता बघ कशी साफ वाजती. ह्यांनी पुसली असंल.” डॉक्टर म्हणाले होते तेच झालं होतं, गाणं अजून पोचत होतं, खरखर पोचायची बंद झाली होती. मी मामांकडं पाहिलं. त्यांनी सुई अलगद उचलून बाजूला ठेवली.

मग वाकून मामींच्या कानाशी तोंड नेत म्हणाले, “व्हय, पुसली.” आणि त्यांनी दुसरी बाजू लावली.