अविनाशची मोजपट्टी

मासे पकडणाऱ्यांच्या किश्श्यांची एक गंमत असते. दर खेपेला सांगताना मासा दोन बोटं वाढतो! वीतभराचा मासा चार पार्ट्यांनंतर हातभर होतो आणि ऐकणारेही बिचारे माना डोलवतात. आमच्या ग्रुपमध्ये मात्र हे कधी चाललं नाही, कारण आमच्यात अविनाश होता आणि अविनाशकडे मोजपट्टी होती.

गेल्या वर्षी तो गेला. आता किश्श्यांना आवरायला कोणी नाही आणि ते ढीगभर साठलेत. शिरीषच्या तोंडी पडून त्यांची वाट लागायच्या आत मीच जसेच्या तसे सांगून टाकते.

ग्रुप फार मोठा नाही. ट्रुगानिना या उपनगरातले आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझा नवरा शिरीष. दोन गल्ल्या सोडून अविनाश आणि नीलिमा. आणि आमच्या शेजारचा ग्रेग, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. बोट त्याची. पत्र्याची छोटीशी, तिला इकडे टिनी म्हणतात. नीलिमाला बोट लागते, म्हणून ती घरी राहायची आणि आम्ही चौघं वर्षातून एकदा बारा तास गाडी हाणून न्यू साउथ वेल्सच्या डोंगरातल्या एका धरणावर जायचो. आजूबाजूला गाव नाही, दुकान नाही. पण पाण्यात बास जातीचे मासे! हा मासा पन्नास सेंटिमीटरचा मिळाला की ट्रॉफी समजतात. हातात कप वगैरे कोणी देत नाही. मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. शिरीष त्याला 'हाफ सेंच्युरी' म्हणतो.

अविनाशला एक हाफ सेंच्युरी हवी होती. सात वर्षांत त्याचा सगळ्यात मोठा मासा अठ्ठेचाळीसचा.

*

अविनाश इथे एका फॅक्टरीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. त्याआधी वीस वर्षं भोसरीत तेच काम. खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी, लग्नाला गेला तरी!

पहिल्या ट्रिपच्या आधी आम्ही वेरिबीच्या एका दुकानात मासे मोजायची मॅट घ्यायला गेलो. अविनाशनं खिशातून पट्टी काढली, मॅटवर सरकवत सरकवत नेली आणि काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, "धिस इज थ्री मिलिमीटर शॉर्ट."

तो म्हणाला, "द फिश वोंट माइंड, मेट."

"फिश नाही, आय माइंड!" अविनाश म्हणाला आणि मॅट ठेवून बाहेर पडला.

मग त्यानं स्वतःच बनवली. जाड रेक्झिनची लांब पट्टी, दर पाच सेंटिमीटरला आकडा, मध्ये रेघा आणि शून्याच्या टोकाला मासा नाक टेकेल असा लाकडी ठोकळा. मागच्या बाजूला फॅक्टरीत लावतात तसं स्टिकर: 'तपासले. चूक: शून्य. वापरण्यास योग्य. अ. सा.' खाली तारीख. दर ट्रिपला नवं स्टिकर. ऑफिसात इंग्लिश, घरी मराठी, हा त्याचा नियम स्टिकरलाही लागू होता.

त्याच्या घरात किचनमधला वजनकाटा, भिंतीवरचं घड्याळ, बीपीचं मशीन, सगळ्यांवर ही स्टिकरं होती. नीलिमा म्हणायची, "एक मलाच लावायचं राहिलंय!"

अविनाश म्हणायचा, "तुला तपासायची माझी हिंमत नाही."

*

तिसऱ्या वर्षी शिरीषला एक दांडगा बास लागला. बोटीतच त्यानं नाचायला सुरुवात केली. "फिफ्टी वन! फिफ्टी टू असेल!" ग्रेग ओरडतोय, "सिट डाउन, यू गूज!"

अविनाशनं मासा मॅटवर ठेवला, नाक ठोकळ्याला टेकवलं आणि वाकून बघितलं. "साडेएकोणपन्नास."

"अरे, शेपूट जरा ओढ की!"

"शेपूट ओढून मासा वाढत नाही शिरीष. नुसता वैतागतो."

"अर्ध्या सेंटिमीटरनं तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझं काही जात नाही. पण मग ती हाफ सेंच्युरी राहत नाही ना."

शिरीष परतीच्या वाटेवर थेट आल्बरीपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. नऊ तास! आल्बरीला अविनाशनं त्याला मीट पाय, म्हणजे इथला मांसाचा पॅटिस, घेऊन दिला. स्वतः शाकाहारी, त्यामुळे आत काय आहे ते दुकानदाराला तीनदा विचारून.

*

हो, शाकाहारी! सात वर्षं मासे पकडले, चव एकाचीही घेतली नाही.

त्या धरणावर एका मोठ्या दगडावर चढलं की तेवढीच फोनला रेंज यायची. तिथे उभा राहून तो रोज संध्याकाळी चिंचवडला आईला फोन लावायचा. आई शहाऐंशीच्या. ऐकू कमी, म्हणून स्पीकरवर. सगळ्या धरणाला ऐकू जायचं.

"खात नाहीस, विकत नाहीस, मग पकडतोस कशाला रे त्याला?"

"मोजायला, आई."

"आणि मोजून झाल्यावर?"

"सोडून देतो."

 मग म्हणाल्या, "सोडायच्या आधी पाणी तरी दिलंस ना?"

ग्रेगला मी हे इंग्लिशमध्ये सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. पुढच्या दिवसापासून मासा वर घ्यायच्या आधी तो मॅट ओली करायला लागला.

*

आता हा किस्सा शिरीष कधीच सांगत नाही.

आमच्या बॅकयार्डमध्ये बार्बेक्यू होता. अविनाश उशिरा आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लॉट रिजेक्ट झाला."

आम्हाला वाटलं, फॅक्टरीचं काहीतरी. शिरीष म्हणाला, "रीवर्क करून चालणार नाही?"

"नाही म्हणाले. स्क्रॅप."

शिरीष मोठ्यानं हसला, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू आयुष्यभर दुसऱ्यांचे लॉट रिजेक्ट केलेस, आता भोग!"

नीलिमानं हातातली प्लेट टेबलावर ठेवली आणि आत निघून गेली. मी तिच्या मागे गेले. ती सिंकपाशी उभी होती. पॅनक्रिअसचा कॅन्सर, पसरलेला, डॉक्टर महिन्यांत बोलत होते. मी बाहेर आले तेव्हा शिरीषचा हात अजून अविनाशच्या पाठीवरच होता आणि तो काढावा कसा हे त्याला कळत नव्हतं.

ग्रेगनं विचारलं, "व्हॉट डू यू नीड, मेट?"

अविनाश म्हणाला, "अ फिफ्टी."

*

यानंतर आम्ही जे केलं ते आधी शिरीषच्या डोक्यात आलं, पण कात्री माझ्या हातात होती, तेव्हा त्याच्यावर ढकलणार नाही.

मॅट बोटीबरोबर ग्रेगच्या गॅरेजमध्ये असायची. आम्ही ठोकळा काढला, शून्याच्या बाजूनं दोन सेंटिमीटर पट्टी कापली आणि ठोकळा परत बसवला. पहिला छापलेला आकडा पाचाचा, त्यामुळे पटकन कळण्यासारखं नव्हतं. अठ्ठेचाळीसचा मासा आता पन्नास दाखवणार!

"तो तपासेल," मी म्हणाले.

"अगं, त्याला पाण्याची बाटली उघडता येत नाही. तपासतोय कुठला!" शिरीष म्हणाला आणि मग गॅरेजच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला.

ग्रेग ठोकळ्याचे स्क्रू आवळत होता.  मला लाज वाटली, खरं सांगते. त्या माणसाची एकच गोष्ट चोख होती आणि आम्ही तीच कापली. पण परत तशी वेळ आली तर परत कापेन.

*

शेवटच्या ट्रिपला नीलिमाही आली. वाटेत मोटेलमध्ये मुक्काम करत दोन दिवसांनी पोचलो. संध्याकाळी अविनाश म्हणाला, "मॅट माझ्याकडे दे. उशाला घेतो, तंबूत उशी पातळ आहे." शिरीषनं माझ्याकडे बघितलं. मी दिली.

दुसऱ्या दिवशी आर्वोला, म्हणजे दुपारी, त्याला लाइफ जॅकेट घालून, कॅम्पिंगच्या खुर्चीसकट बोटीत बसवलं. नीलिमा गोळ्या घेऊन काठावर. चार तास काही नाही. मग त्याचा रॉड वाकला. शिरीष मदतीला पुढे झाला तर म्हणाला, "हात लावायचा नाही." दहा मिनिटं त्यानं एकट्यानं तो मासा ओढला. मला बघवत नव्हतं.

ग्रेगनं मॅट ओली केली, मासा ठेवला. अविनाश वाकला. "नाक नीट टेकव, ग्रेग. प्रॉपरली." ग्रेगनं नाक ठोकळ्याला टेकवलं. 

शेपूट पन्नासच्या रेघेवर होती.

अविनाश बराच वेळ बघत राहिला.  मग त्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, ग्रेग, शिरीष, मी, आणि म्हणाला, "पन्नास!"

शिरीष असा ओरडला की समोरच्या झाडांवरचे सगळे काकाकुआ उडाले. नंतर ढसाढसा रडायला लागला. अविनाश म्हणाला, "अरे, मासा माझा आहे, तू कशाला रडतोस?" फोटो काढला. मासा सोडताना त्यानं हात पाण्यातच ठेवला, मासा निघून गेल्यावरही.

संध्याकाळी ग्रेग आणि शिरीषनं त्याला उचलून त्या दगडावर नेलं. आजाराचं त्यानं आईंना सांगितलंच नव्हतं.

"आई, पन्नास!"

"काय पन्नास?"

"मासा गं. पन्नास सेंटिमीटर."

"पाणी दिलंस ना?"

"दिलं," तो म्हणाला.

*

नऊ आठवड्यांनी तो गेला. तेराव्यानंतर आम्ही तिघं नीलिमाकडे गेलो. पन्नासचा फोटो हॉलमध्ये लावला होता. शिरीषनं फोटोकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "एवढं तरी दिलं आपण त्याला."

नीलिमा आतून मॅटची गुंडाळी घेऊन आली. "ही ट्रिपहून आमच्याकडेच राहिली होती. म्हणाला होता, ग्रेगच्या बोटीत परत ठेवायला सांग."

ग्रेगनं ती मांडीवर उलगडली. उलटी उलगडली गेली. मागे नवं स्टिकर होतं. अक्षर वाकडंतिकडं, पण त्याचंच. तारीख मासा पकडल्याच्या दिवसाची नव्हती, आदल्या दिवसाची होती.

"व्हॉट डझ इट से?" ग्रेगनं विचारलं.

शिरीषला वाचता येईना. मी वाचलं.

'तपासले. चूक: दोन सेंटिमीटर. वापरण्यास योग्य. अ. सा.'