तात्यांचा झोपलेला भाव

"भाव झोपलाय. झोपलेल्याला हलवून उठवू नये, तो आपण होऊन उठतो."

हे वाक्य तात्या वर्षातून किती वेळा म्हणत, ते मोजणं त्यांच्या बायकोनंही सोडून दिलं होतं. लसूण शेतातून घरात आला की वाक्य सुरू व्हायचं आणि लसणाला कोंब फुटले की बंद पडायचं. मधल्या काळात बाजारातला भाव एकदा उठायचा, आळस द्यायचा, तोंड धुऊन चार ठिकाणी हिंडून यायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. तात्या नेमके त्या वेळी दुसरीकडे बघत असायचे. तो आता काही केल्या उठत नाही अशी पक्की खात्री पटली, की मग ते टेम्पो बोलवायचे.

"तुमचा भाव कुंभकर्ण आहे," बायको म्हणायची.

"कुंभकर्णसुद्धा उठला होता," तात्या म्हणायचे.

"हो, आणि उठल्यावर त्याचं काय झालं?"

यावर तात्या डोक्यावरची टोपी काढून झटकायचे. उत्तर सापडलं नाही की टोपीवर धूळ बसलेली असायचीच.

या बाईला सगळं गाव काकी म्हणायचं. आपणही तेच म्हणू.

तात्यांच्या हातचा लसूण मात्र बघत राहावा असा. पात पिवळी पडून मान टाकायला लागली की ते पाणी तोडत. मग माती बोटानं चाचपत, कुदळीनं हलकी करत, आणि एकेक रोप असं उपटत, जणू झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून हात काढून घ्यावा. उपटलेल्या रोपांच्या ओळी लावायच्या, त्या अशा, की एकीच्या पातीची सावली दुसरीच्या गड्ड्यावर पडावी. ऊन गड्ड्याला लागता कामा नये. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात ते शेत बघितलं, तर जमिनीनंच केस मोकळे सोडलेत असं वाटायचं. त्या केसांच्या वेण्या काकी घालत. त्यांची वेणी गावात सगळ्यात घट्ट होती आणि जीभही.

अडचण सुरू व्हायची ती वेण्या घरात आल्यावर. बाहेरच्या खोलीत वेण्या, स्वयंपाकघरात वेण्या, पलंगाच्या दांडीला वेण्या. आरसा काढून त्याच्या खिळ्यालाही एक वेणी. लसणाच्या दिवसांत तात्या अंदाजानं दाढी करत. जेवून उठलेला पाहुणा म्हणायचा, "भाजीत लसूण जरा पुढे झाला," आणि भाजीत लसूण नसायचाच. मांजरानं तर केव्हाच दुसरं घर धरलं होतं.

टांगलेला लसूण दिवसेंदिवस वाळतो, आतून हलका होतो. आधी दोघांनाही न उचलवणारी गोणी पुढे एकट्यानं उचलता येते. तात्या ती उचलून म्हणायचे, "बघ, अजून ताकद आहे अंगात."

"ताकद तुमच्यात आली नाही, लसणातली गेली," काकी म्हणायच्या.

जमिनीच्या बाबतीतही तेच. रस्त्याकडेचं एक काळंभोर शेत विकायला निघालं होतं. मालक स्वतः घरी येऊन बसला. तात्या म्हणाले, भाव झोपायला आलाय, अजून खाली येईल. पुढे रस्ता रुंद झाला आणि शेताचा भाव जो उठला तो बसायलाच तयार होईना. तात्यांना चुटपुट लागली. त्या भरात त्यांनी चढ्या भावानं टेकडीच्या उतारावरचा एक तुकडा घेतला. तिथं पडलेलं पाणी क्षणभर न थांबता खालच्या शेतात जायचं. "पाण्यालाच घाई आहे," तात्या म्हणायचे.

रस्त्याकडेचं ते शेत रस्ता रुंद होण्याआधीच घेतलं होतं जावईबापूंनी. हे तात्यांचे शेजारी. तरुणपणी सासऱ्यांच्या घरी राहायला आले, आता स्वतः आजोबा झाले, दात गेले, तरी गाव त्यांना जावईबापूच म्हणायचं. तात्या "थांबावं" म्हणाले आणि जावईबापू धावत जाऊन शेत घेऊन आले. तेव्हापासून जावईबापूंच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ती काय, ते काकींना फार उशिरा कळलं.

मग एका वर्षी लसूण उतरला तो गेल्या कित्येक वर्षांत उतरला नव्हता असा. गड्डे मुठीत मावेनात. वेण्या टांगता टांगता काकी स्टुलावरूनच बोलल्या.

"यंदा एक सांगून ठेवते. हा माल पडत्या भावात गेला, तर पुढच्या वर्षापासून विकायचं मी ठरवणार. तुम्ही पिकवा, मी वेण्या घालीन, पण बाजाराचा दिवस माझा."

खाली जावईबापू चहा पीत बसले होते. हे ऐकायला त्यांनी कप हवेतच धरून ठेवला.

माणसाला बायकोसमोर माघार घेता येते, शेजाऱ्यासमोर नाही. तात्या म्हणाले, "कबूल. शब्द म्हणजे शब्द."

म्हणाले खरे, पण रात्रीचं जेवण त्यांना गोड लागलं नाही. शेतात सगळं हवेच्या, पाण्याच्या, किडीच्या मर्जीनं चालतं. शेतकऱ्याच्या हातात म्हणून एकच गोष्ट असते, कधी विकायचं. तेवढीही गेली, तर आपण आपल्याच शेतावर मजूर, हे तात्यांना कळत होतं. काकींनाही कळत होतं. म्हणून तर त्यांनी तीच मागितली होती.

भाव बरा निघाला. तात्या अर्थातच थांबले. आणि एका सकाळी काकी दळण घेऊन गिरणीत गेल्या.

तिथं जावईबापूंची बायको भेटली. डब्यावरचं पीठ झटकत तिनं अगदी सहज विचारलं, "काय म्हणतात तात्या? आहे ना माल घरातच?"

"आहे की. आरसा अजून पलंगाखालीच आहे."

"हो का? बरं झालं बाई!" ती बोलून गेली आणि एकदम डब्याचं झाकण लावू लागली.

"बरं झालं? तुमचं काय बरं झालं त्यात?"

"तसं नाही हो... म्हणजे आम्ही उद्या टेम्पो सांगितलाय."

काकींनी तिच्याकडे बघितलं. मग गिरणीवाल्याकडे. तो खाली मान घालून हसत होता. गेल्या वर्षी हिनंच असं विचारलं होतं, त्याच्या आधी कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं. दरवर्षी कुणी ना कुणी. काकींना वाटायचं, काळजीनं विचारतात.

"काय आहे ते सरळ सांग," काकी गिरणीवाल्याला म्हणाल्या. "नाहीतर हे दळण तुझ्या डोक्यावर ओतते."

"रागावू नका काकी. सगळ्या गावाला माहीत आहे," तो म्हणाला. "तात्या थांबले की विकायचं, आणि तात्यांनी विकलं की थांबायचं. कधी चुकत नाही. जावईबापू तर म्हणतात, माझा वरचा मजला तात्यांनी बांधून दिला."

काकी पीठ न घेताच घरी आल्या. कानशिलं तापली होती. त्यांच्या नवऱ्याला हसायचा हक्क त्यांनी संसार करून, वेण्या घालून, मांजर गमावून मिळवला होता. गावानं काय केलं होतं?

त्या उंबरठ्यावर बसल्या आणि विचार करू लागल्या. उद्या निम्मं गाव बाजारात जाणार, कारण तात्या थांबलेत. आणि आज तात्यांच्या दारात टेम्पो दिसला तर? कुणीच जाणार नाही. मग बाजारात लसूण कुणाचा? एकट्या तात्यांचा.

यात तात्या जिंकणार होते आणि बाजाराचा दिवस त्यांच्याकडेच राहणार होता. काकींनी तो घास गिळला. आधी गाव, मग नवरा.

पण तात्यांना विकायला लावायचं कसं? विका म्हटलं तर ते झोपलेल्या भावाला पांघरूण घालायला बसले असते. खरं सांगितलं तर या उमद्या माणसाचं मन मोडलं असतं. काकी उठल्या, हात पुसले आणि आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. थांबूया."

तात्या खुर्चीत ताठ झाले. "काय म्हणालीस?"

"भाव झोपलाय. उठेल आपण होऊन."

तात्यांनी टोपी काढली, पण झटकायचं विसरले. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई एकदाही हो म्हणाली नव्हती. लग्नात बोहल्यावरसुद्धा आधी "ही टोपी काढा" म्हणाली होती. ही हो म्हणते, म्हणजे आपलं नक्की चुकतंय.

"तुला बरं आहे ना?"

"अगदी बरं आहे. महिनाभर थांबू. दोन महिने थांबू."

तात्या उठले, चपला घातल्या आणि टेम्पोवाल्याकडे निघाले.

भर दुपारी माल भरला गेला. काकींनी मुद्दाम दार सताड उघडं ठेवलं आणि एकेक वेणी बाहेर आणताना मोठ्यानं बोलत राहिल्या. "हळू रे! तात्यांनी विकायला काढलाय माल!" समोरच्या खिडकीचा पडदा हलला. त्यामागून जावईबापूंचा आवाज आला, "अगं, तो उद्याचा टेम्पो नको म्हणून सांग!" दिवस मावळेपर्यंत गावातले झाडून सगळे टेम्पो मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी काकी तात्यांसोबत टेम्पोत बसूनच गेल्या. एरवी या दिवसांत बाजारात पाय ठेवायला जागा नसते. गाड्यांची रांग, शिव्यांची रांग, काट्यावर भांडणं. त्या सकाळी लसणाच्या शेडमध्ये दोन कुत्री होती आणि एक झाडूवाला.

अडत्या, म्हणजे तिथला दलाल, चष्मा वर करून बघत राहिला. "एवढेच? बाकीचे कुठे गेले?"

"थांबलेत वाटतं," तात्या जरा अभिमानानं म्हणाले. "माझंच ऐकून शिकले असतील."

बाहेरगावचे दोन व्यापारी रिकामे ट्रक घेऊन उभे होते. ट्रक रिकामा परत न्यायचा म्हणजे डिझेल पदरचं. एकानं आकडा बोलला. दुसऱ्यानं वरचा बोलला. पहिल्यानं वेणी नाकाशी धरली, एक गड्डा दाबून बघितला आणि आणखी वरचा बोलला. दुसरा पहिल्याकडे असा बघू लागला, जणू त्यानं त्याच्या ताटातला घास उचललाय. कुत्रीसुद्धा उठून बसली.

तात्यांचे डोळे चमकायला लागले. आणि ती चमक काकींच्या चांगल्या ओळखीची होती.

"थांबा!" तात्या ओरडले. "भाव आत्ता कुठे डोळे चोळतोय! वेण्या परत चढवा रे गाडीत! पुढच्या बाजाराला बघू!"

अडत्याचा चष्मा खाली आला. टेम्पोवाल्यानं कपाळावर हात मारला. काकी शांतपणे पुढे झाल्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "परत नेऊ. मी खिळे तसेच ठेवलेत."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. दोनदा हो, तेही लागोपाठ. मग ते अडत्याकडे वळले.

"देऊन टाका!"

त्या हंगामात तेवढा भाव पुन्हा कुणाला मिळाला नाही. बातमी संध्याकाळी गावात पोचली आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव एकदम बाजाराकडे धावलं. शेडमध्ये लसणाचे डोंगर झाले, आणि भाव असा झोपला की घोरायला लागला.

जावईबापू तिथून थेट तात्यांच्या घरी आले. तात्या रिकामी खोली झाडत होते.

"तात्या, हे काही बरं केलं नाहीत तुम्ही."

"काय केलं मी?"

"विकलंत!"

"माझा लसूण, मी विकला."

"विकलात, आणि वर भाव चढला! असं कधी होतं का? इतकी वर्षं आम्ही तुमच्या बरोबर उलट करतो. त्यावर गाव चाललंय. आता आम्ही बघायचं कुणाकडं?"

तात्यांचा झाडू थांबला. आत काकींचे कणकेतले हात थांबले. जावईबापूंच्या तोंडात तो कणकेचा गोळा कोंबता आला असता तर बरं, असं त्यांना वाटलं. तात्यांच्या पाठीला किंचित बाक आलेला त्यांना दारातून दिसत होता.

तात्यांनी झाडू भिंतीला टेकवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी काय करतो ते बघितल्याशिवाय या गावात लसणाची पाकळी हलत नव्हती?"

"तसं नव्हे, आम्ही उलट..."

"उलट असो नाहीतर सुलट. बघत माझ्याकडेच होतात ना?" तात्यांची पाठ सरळ झाली, छातीही बाहेर आली. "अगं ए, जावईबापूंना चहा टाक. साखर जास्त घाल, त्यांचा भाव पडलाय!"

जावईबापू गेल्यावर तात्या स्वयंपाकघराच्या दारात आले. "तू हो म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं, तुझं काहीतरी चाललंय म्हणून."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस?"

काकींनी पोळपाटावरची पोळी उलटली.

शब्दाप्रमाणे बाजाराचा दिवस तात्यांकडेच राहिला. पण पुढच्या वर्षी लसूण घरात आला तेव्हा वाक्य काही ऐकू आलं नाही. तात्या नुसते काकींच्या तोंडाकडे बघत बसायचे.

"काय वाटतं तुला? विकावं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"आधी तू सांग."

"नाही, आधी तुम्ही."

असे दिवस चालले होते. गावही कामंधामं सोडून वाट बघत होतं. शेवटी एका सकाळी तात्यांनी स्वच्छ सदरा घातला, टोपी झटकली, कोपऱ्यातली एक रिकामी गोणी घडी करून खांद्यावर टाकली आणि बाजाराच्या रस्त्यानं निघाले. चाल अशी, जणू एखादा राजा फेरफटक्याला निघालाय. समोरचा पडदा सरकला. वरच्या मजल्यावरून जावईबापूंचं डोकं बाहेर आलं. शिंपिणीचं मशीन थांबलं. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला तसाच रस्त्यावर येऊन उभा राहिला, आणि सगळ्यांचे डोळे त्या गोणीवर खिळले. गोणी कशासाठी? मोजायला? भरायला? की नुसतीच?

काकी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. तात्या वळणावरच्या न्हाव्याकडे केस कापायला निघालेत आणि गोणी नुसती गावाला दाखवायला आहे, हे त्या एकट्यांनाच माहीत होतं. ते वळणाआड जाईपर्यंत त्या बघत राहिल्या, आणि कुणालाच काही बोलल्या नाहीत.