आमच्या होडी क्लबाचा पहिला दिवस

जुन्या लाकडी होड्यांचा आमचा क्लब निघाला तेव्हा त्यात माणसं दोन होती आणि होडी एक. अध्यक्ष मी, उपाध्यक्ष माझा दोस्त सुभेदार. सभासद कोणीच न्हाई. (सभासदाला काम सांगता येतं, म्हणून कोणी होईना.)

होडी माझ्या सासऱ्याची. सांगलीच्या अलीकडं कृष्णेवर पूल नव्हता तेव्हा तो त्यातनं माणसं पल्याड न्यायचा. माझी बायको हौसा लग्नात त्याच होडीतनं आमच्या गावी आली. पुढं पूल झाला, सासरा गेला, होडी आमच्या गोठ्यात आली. हौसा दर दिवाळीला तिला तेल चोळायची. मला कधी चोळलं न्हाई!

गेल्या वर्षी हौसाच गेली. मग एक दिवस सूनबाई म्हणाली, "मामा, म्हशीला जागा पुरंना. त्या होडीचं जळण करूया. बंबाला चार महिनं पुरंल."

"आगं, ती होडी हाय. जळण न्हवं."

"होडी असती तर पाण्यात असती!"

म्हणून मी क्लब काढला. ठरलं असं, की हौसाचं वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी होडी नदीत सोडायची. तरली तर राहील, बुडाली तर बंबात. सून शब्दाची पक्की. तेच वाईट.

सुभेदाराची सगळी नोकरी राजस्थानच्या वाळवंटात झालेली. पाण्याची माहिती त्याला तिथंच मिळाली. "गड्या, लाकूड कसं कडक पायजे! उनात टाक!" आख्खा उन्हाळा होडी वाळवली, वर लाल रंग मारला. बैलगाडीचं चाक वाळून खिळखिळं झालं की पाण्यात भिजवून घट्ट करतात, हे आम्हा दोघांना लहानपणापासनं ठाऊक. पण ते चाक! होडी म्हणजे काय चाक आहे?

त्या दिवशी निम्मं गाव घाटावर. मी होडीत बसलो, मांडीवर हौसाचा फोटो. सुभेदारानं होडीच्या नाकावर नारळ हाणला. नारळ फुटला न्हाई. फळी फुटली.

"सुभेदारा, पाणी येतंय रं!"

"येऊ दे! नदी हाय, पाणी येणारच!"

"खालनंबी येतंय! सगळ्या फटींतनं येतंय!"

"अध्यक्षानं जागा सोडायची न्हाई!" तो काठावरनं ओरडला. (काठावरनं!)

मी सोडली न्हाई. जागाच मला सोडून खाली गेली. छातीएवढ्या पाण्यात मी फोटो डोक्यावर धरून उभा. वर बघितलं तर हौसा हसत होती. (फोटो काढताना हसली नव्हती, मला पक्कं आठवतंय.)

"आवं मामा, भाईर या आदी!" सून म्हणाली. "होडी बुडाली. आता बंबात."

मी नाक ओढलं. पाणी गेलं नाकात, असं सांगितलं.

गड्यांनी होडी ओढून घाटावर घेतली. सुनेनं कुऱ्हाडीनं एक ढलपी काढून बंबात घातली. नुसता धूर! घरात सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली. हौसा गेली तेव्हासुद्धा इतकं कोणी रडलं नव्हतं.

"वाळल्याबिगार पेटायची न्हाई ही," सून डोळे पुसत म्हणाली. "ऱ्हाऊ द्या घाटावरच. वाळली की बघू."

तेव्हापासनं क्लबाचं काम सुरळीत चाललंय. होडी जरा वाळत आली की आम्ही दोघं तिला नदीत सोडतो. ती बुडते. आम्ही काढतो, परत ओलीचिंब.

हौसा जन्मभर म्हणायची, "तुमच्या हातनं एक काम धड हुईल तर शपथ!" झालं असतं, तर तिच्या बापाच्या होडीवर आज माझ्या आंघोळीचं पाणी तापलं असतं.