किंमत समक्ष, खोडी खालीलप्रमाणे

घरात पुस्तकांचे गठ्ठे आले त्या दिवशी नवऱ्याने एवढंच विचारलं, की आता आपण झोपायचं कुठे. सावेडीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि त्यात माझ्या पहिल्यावहिल्या कथासंग्रहाच्या पाचशे प्रती. काही दिवाणात गेल्या, काही दिवाणाखाली, काही शिलाई मशीनच्या पायाशी, आणि उरलेल्या गव्हाच्या कोठीमागे. प्रकाशक मिळाला नव्हता. म्हणजे दोघांना भेटले होते, पण दोघांनीही ‘जनावरांच्या बाजाराच्या गोष्टी कोण वाचणार, बाई’ असं म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. माझा स्वभाव मुळात तिरसट. तिसऱ्या चहाची वाट न बघता मी नगरच्या एका छापखान्यात जाऊन स्वतःच पुस्तक छापून घेतलं. छापणं सोपं असतं हो. खपवताना डोळे पांढरे होतात.

शाळेतल्या सहकाऱ्यांनी तोंडभर अभिनंदन केलं आणि ‘सप्रेम भेट’ लिहून एकेक प्रत घेऊन गेले. एका दुकानदाराने उपकार केल्यासारख्या पाच प्रती ठेवून घेतल्या. आठवड्याने बघायला गेले तर त्या दहावीच्या गाइडांच्या ढिगाला टेकू म्हणून लावलेल्या. मी तिथेच त्याला चार शब्द सुनावले आणि पाचही प्रती पिशवीत घालून घरी आणल्या.

हे सगळं मी गिळलं असतं. पण दादा गप्प होते, ते काही मला गिळवेना.

दादा म्हणजे माझे वडील. घोडेगावच्या बाजारात ते जनावरांची दलाली करायचे. माझ्या पुस्तकातल्या अकराच्या अकरा गोष्टी त्याच बाजारातल्या, आणि गंमत अशी की त्या बाजारात मी एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. आमच्या घरातल्या बायका तिकडे जात नसत. भाऊ पाचव्या वर्षापासून दादांच्या मागे जायचा, आणि मी पहिल्या नंबराने पास होऊनसुद्धा दारात उभी राहून धूळ बघायची. मला बाजार कळला तो दादा संध्याकाळी ताटावर बसून सांगायचे तेवढाच. कोणाच्या बैलाचं वय लपवलं, कोणती म्हैस दूध काढू देत नाही, कोण कोणाला कसा फसला. भाकरी मोडता मोडता ते सांगत आणि मी कान देऊन ऐके.

म्हणून पहिली प्रत मी त्यांनाच नेऊन दिली. दादा दुसरीपर्यंत शिकलेले. एसटीची पाटी वाचायचे, त्यापुढे अक्षरांच्या वाटेला जात नसत. त्यांनी पुस्तक हातात घेऊन वजन बघितलं, उलटसुलट केलं, कडा चाचपल्या आणि देवळीत रेशनकार्डाशेजारी ठेवून दिलं. मग मला विचारलं, की सावेडीत पाणी एक दिवसाआड येतं की रोज. झालं! सहा महिने उलटले तरी त्या पुस्तकाबद्दल चकार शब्द नाही. बाजार मी बरोबर लिहिला का चुकीचा, एवढं एकदा त्यांनी सांगावं, यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. विचारायची मात्र छाती होत नव्हती. एरवी मी हेडमास्तरांनासुद्धा घाबरत नसे.

अशात इंटरनेट आलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईंचा टायपिंगचा क्लास होता. शिकायला कोणी येईना तेव्हा बाईंनी दोन कॉम्प्युटर घेतले, फोनची लाइन जोडली आणि पाटीवर ‘इंटरनेट’ असं रंगवून घेतलं. हाताची सवय मात्र टाइपरायटरचीच राहिली. कीबोर्ड असा बडवायच्या की समोरच्या किराणावाल्यालाही कळावं, बाईंनी पत्र पाठवलं. त्यांनीच माझ्या डोक्यात भरवलं की इंटरनेटवर पान फुकट मिळतं, त्यावर पुस्तकाची जाहिरात टाकायची, अमेरिकेतली माणसं घरबसल्या मागवतील. मला हे फारच पटलं. नगरच्या दुकानात ज्याचा टेकू केला, ते अमेरिकेत जाणार!

मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर किड्यामुंग्यांसारखी दिसतात, असं बाई म्हणाल्या. म्हणून मी सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिला आणि त्यांनी त्याचा फोटो करून पानावर चढवला. मजकूर काय वर्णावा! ‘ग्रामजीवनाचा अस्सल, दाहक, हृदयस्पर्शी आविष्कार.’ स्वतःबद्दल हे लिहिताना माझा हात जराही कापला नाही. फोन कर्रकर्र, कुईकुई करून एकदाचा लागायचा आणि मग ते चित्र वरून खाली एकेक ओळ करत उघडायचं. तेवढ्यात आमचा चहा पिऊन व्हायचा. पानाच्या तळाशी किती जणांनी भेट दिली तो आकडा दिसे. तो रोज वाढत होता. आम्ही दोघी हवेत. दोन आठवड्यांनी बाईंच्या लक्षात आलं, की तो आपण बघितल्यामुळेच वाढतोय.

त्याच सुमारास दादा दाताच्या डॉक्टरकडे नगरला आले आणि आमच्याकडे उतरले. नवऱ्याने उगाच फुशारकी मारली, की तुमच्या लेकीचं पुस्तक आता साऱ्या जगात दिसतं. दादा म्हणाले, दाखव. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून बाईंकडे नेलं. बाईंनी त्यांना चांगली खुर्ची दिली. पान उघडायला लागलं तसे दादा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले. मी मजकूर वाचून दाखवला. ‘हृदयस्पर्शी’पाशी माझा आवाज जरा बारीक झाला, ते खरंच.

दादांनी पान खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, “समदं खरं. पर खोड कुठं लिव्हलीस?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. तर नाही. आमच्या दलालीत ही रीतच होती. दादा कोणाचंही जनावर गिऱ्हाइकापुढे उभं करायचे तेव्हा आधी त्याची खोड सांगायचे. लाथ मारतं का, पाण्यात बसतं का, डावीकडे जुंपलं तर चालत नाही का. जो नुसती तारीफ करतो, त्याच्या जनावराला लोक हातसुद्धा लावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी चिडून म्हटलं, की दादा, हे पुस्तक आहे, म्हैस नाही, आणि याला खोड नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, तीन हाईत. आणि बोटांवर मोजून सांगायला लागले.

तिसऱ्या गोष्टीतला बैल सुरुवातीला चार दाती आहे आणि दोन महिन्यांनी बाजारात येतो तेव्हा दोन दाती. म्हणजे त्याचं वय उलटं चाललंय. सातव्या गोष्टीत पावसाची वर्णनं इतकी की जनावर भिजून मरेल. आणि शेवटच्या गोष्टीत म्हातारा स्वतःचा बैल विकतो अन् बाजारातच रडत बसतो, ते साफ चूक.

“बाजारात कोन रडत न्हाई,” दादा म्हणाले. “मानूस घरी येतो, अन् जेवत न्हाई.”

कोणीतरी कानाखाली ठेवून द्यावी तशी मी बघत राहिले. एकाच वेळी मला दोन गोष्टी झाल्या. तिन्ही खोडी शंभर टक्के खऱ्या होत्या, म्हणून अंगाचा तिळपापड झाला. आणि दादांना माझं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत माहीत होतं, म्हणून हसू दाबता येईना. विचारलं तर सहज म्हणाले, तुझी वहिनी वाचती धारा काढून झाल्यावर. दोनदा झालं वाचून. दोनदा! आणि वहिनीने मला एका अक्षराने सांगितलं नव्हतं. सासऱ्याची सून शोभते खरी. पण चांगलं काय वाटलं, ते दादांनी सांगितलंच नाही. खुर्चीतून उठले आणि बाईंना विचारायला लागले, की हे यंत्र दिवसाला वीज किती खातं.

बाईंना ती कल्पना भलतीच आवडली. त्यांनी माझा दाहक आविष्कार काढून टाकला आणि नवं पान करायला बसल्या. मी फणकारत का होईना, तिन्ही खोडी जशाच्या तशा लिहून दिल्या, वर ‘बांधणी कच्ची, जपून उघडावे’ ही चौथी माझ्या पदरची घातली. किंमत लिहायला गेले तर दादांनी हात धरला. चारचौघांत किंमत बोलत नसतात म्हणे. आमच्याकडे दलाल खांद्यावरचं उपरणं घेणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि त्याखाली बोटं धरून भाव सांगतो. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. शे की हजार, ते जनावराकडे बघून दोघांना कळतं. भोवती शंभर माणसं उभी असोत, भाव दोघांतच राहतो. आता अमेरिकेतल्या माणसाच्या हातावर उपरणं कसं टाकायचं, असं बाईंनी विचारलं. दादा म्हणाले, तो तुमचा इचार. शेवटी पानावर लिहिलं, ‘किंमत समक्ष’.

जगात दुसऱ्या कोणी पुस्तकाची अशी जाहिरात केली असेल असं मला वाटत नाही. पंधरा दिवस तळाचा आकडा आम्ही दोघींनीच वाढवला. मग एका दुपारी शाळा सुटायच्या वेळी बाई फाटकाशी उभ्या. पत्र आलं होतं! इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, आणि खरोखर अमेरिकेतून. ते गृहस्थ मूळचे नेवाशाकडचे. त्यांनी लिहिलं होतं, की वय उलटं चालणारा बैल पाहायची फार इच्छा आहे, सात प्रती हव्यात. इकडे मराठी माणसं दर महिन्याला जमतात, त्यांनाही देईन. किंमत काय, ते कळवा.

मी किंमत कळवायला बसणार, तोच आठवलं की आता दादांना विचारायला हवं. त्यांनी निरोप धाडला, त्याचं इथं कोण हाय ते इचार. त्या गृहस्थांचे एक मामा निघाले, पलीकडच्याच गावचे. मामांना बाजाराच्या दिवशी बोलावलं, आणि इंटरनेटवरचा माझा पहिला सौदा घोडेगावच्या बाजारात, दोन जर्सी गायींच्या मधे उभं राहून, उपरण्याखाली झाला. काय भाव ठरला, ते दादांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. दलाली कापून घेतली एवढं नक्की, कारण भाऊ हसत सांगत होता.

महिन्या-दीड महिन्याने त्या गृहस्थांचं दुसरं पत्र आलं. पुस्तक पोचलं, वाचलं, आवडलं, आम्हा दोघींना जेवढं हवं होतं तेवढं सगळं त्यात होतं. बाई मोठ्याने वाचत होत्या. शेवटी त्या गृहस्थांनी सहज विचारलं होतं, की खोडी ज्यांनी काढल्या ते तुमचे वडील, असं मामांकडून कळलं. त्यांना पुस्तक आवडलं का?

बाई उत्तर टाइप करायला बोटं उचलून बसल्या. ते मलाच माहीत नव्हतं. त्यांनी बोटं खाली घेतली आणि फोनची लाइन तोडली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी शाळेत रजा टाकली, पिशवीत एक प्रत घातली आणि औरंगाबादच्या एसटीत बसले. फाट्यावर उतरून घराकडे वळायचं सोडून सरळ बाजारात शिरले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पदर खोचून, शेणातून वाट काढत. टेम्पोत म्हशी चढवणारी माणसं थांबून बघायला लागली. बघा म्हटलं! आत शिरले तर सगळं मी लिहिलं होतं तसंच होतं, फक्त आवाज कितीतरी जास्त. दादा लिंबाखाली एका म्हशीपाशी तीन-चार माणसांत उभे होते. मला बघून त्यांनी आधी विचारलं, की घरी समदी बरी हायेत ना.

मी म्हटलं, बरी आहेत. आणि पुस्तक त्यांच्यापुढे धरून एका दमात म्हणाले, “दादा, खोडी सांगितल्या. आता भाव सांगा.”

दादांनी माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. मग खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि माझ्या उजव्या हातावर टाकलं. आत त्यांचा हात आला. खरबरीत, उन्हाने तापलेला. आधी एक बोट धरलं. सोडलं. मग सगळा पंजा धरला.

शे की हजार, ते मी विचारलं नाही. बाजारात सौदा सांगून झाला की दलाल हात लगेच काढून घेतो, गिऱ्हाईक घोळवायला तो काही हात धरून उभा राहत नाही. दादांनी हात काढला नाही. आजूबाजूला जनावरं हंबरत होती, कोणीतरी चहाचे कप घेऊन आलं, परत गेलं, तरी काढला नाही. माझे डोळे वाहायला लागले. चारचौघांत, भर बाजारात, साफ चुकीच्या जागी.

“त्या बैलाचं वय तेवढं नीट कर,” दादा म्हणाले, आणि उपरणं खांद्यावर टाकून म्हशीकडे वळले.

मी आल्या पावली सावेडीला परतले. बाईंकडे जाऊन अमेरिकेला उत्तर पाठवलं: हो, आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्यांच्या फोनवर वहिनीचा फोन आला. काल बाजारात काय झालं, असं विचारत होती. भाऊ काही सांगत नव्हता. दादा म्हणे घरी आले, हातपाय धुतले, ताटावर बसले, आणि न जेवताच उठले.