माझ्या ओळखीचे कावळे

ससाण्याला बांगडा खाऊ घालायला निघालेला रत्नागिरीतला मी बहुधा पहिलाच माणूस. ससाणा तो खात नव्हता, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

मांडवीला आमची सात मजल्यांची इमारत आहे आणि आम्ही सातव्यावर राहतो. आमच्या डोक्यावर गच्ची आणि पाण्याची टाकी. गच्चीची चावी आमच्याकडे असते, कारण टाकीतलं पाणी बघायचं काम इमारतीने माझ्यावर सोपवलंय. काम म्हणजे सकाळी सातला वर जायचं, टाकीत डोकवायचं आणि पाणी आहे की नाही ते खाली येऊन सांगायचं. ऑफिसातही मी साधारण हेच करतो.

फेब्रुवारीत एका सकाळी टाकीच्या काठावर एक पक्षी बसलेला दिसला. घारीपेक्षा लहान, पण बसायची ऐट मोठी. डोकं काळं, गालावरून मिशा ओघळाव्यात तसे काळे पट्टे, छाती तांबूस. टाकी त्याची आणि मी चौकशीला आलेला कोणीतरी, असं त्याने माझ्याकडे बघितलं.

आता आमच्याकडे बाकदार चोचीचा पक्षी म्हटला की तो मासे खाणार, यात कोणाला शंका नसते. मिरकरवाड्याच्या बंदरात जाऊन बघा, ट्रॉलर लागायचा अवकाश, घारी डोक्यावर हजर. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी बांगड्याची दोन मुंडकी कागदात गुंडाळून वर नेली आणि टाकीखाली ठेवली. संध्याकाळी जाऊन बघतो तर जागा साफ. मला इतका आनंद झाला की तिसऱ्या दिवशी चार नेली.

बायकोला यातलं काही सांगितलं नाही. ती मिरकरवाड्याची, होडीवाल्याची मुलगी. बांगड्याचं मुंडकं हाच बांगड्यातला खरा बांगडा, असं तिचं मत आहे. ते मी पाखराला घालतोय हे तिला कळलं असतं तर मला काय ऐकावं लागलं असतं, याची कल्पना होती.

"मुंडकी जातात कुठे हल्ली?" तिने एकदा विचारलंच.

"खालच्या मांजराला घालतो."

"चैन आहे मांजराची."

मार्चमध्ये त्याच्या जोडीला दुसरा दिसायला लागला आणि दोघांनी संसार मांडला. गच्चीच्या कठड्यापलीकडे दोन हात रुंद छज्जा आहे. टाकीच्या दुरुस्तीत उरलेली खडी तिथे पडून होती. ती उचलायची जबाबदारी इमारतीच्या दोन सभांमध्ये माझ्यावर टाकलेली होती आणि मी ती मनापासून विसरलो होतो. त्या खडीत मादीने छातीने खळगा केला आणि तीन तांबडी अंडी घातली. ना काडी, ना गवत. माझ्या आळसाचा जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग झाला. महिन्याभराने दोन पिल्लं निघाली, पांढरी, कापसाच्या बोळ्यांसारखी. तिसरं अंडं तसंच राहिलं.

मग मी मुंडकी आणखी वाढवली. बाळंतीण ती. आमच्या घरात बाळंतिणीला कोणी उपाशी ठेवत नाही.

एप्रिलच्या मध्याला मी पिल्लांचा व्हिडिओ माझ्या साडूला पाठवला. तो दापोलीला कृषी विद्यापीठाच्या बागेत कामाला आहे आणि झाडापाखरांतलं त्याला कळतं. दोन मिनिटांत त्याचा फोन.

"साडूभाऊ, हा शाहीन आहे. ससाण्याची जात. कड्यावर अंडी घालणारा पक्षी, त्याला तुमची इमारत कडा वाटली."

"मग आहेच आमची इमारत तशी. आणि जेवतोय पण व्यवस्थित, मी रोज बांगडा घालतो."

"तो मासे खात नाही," साडू म्हणाला. "तो हवेत उडता पक्षी मारतो. गच्चीवर पिसं पडलेली दिसली नाहीत तुम्हाला? पारव्याची, पोपटाची?"

दिसली होती. रोज सकाळी मीच ती झाडून काढत होतो.

"मग माझे बांगडे कोण खातंय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण तुम्ही वर जाणं बंद करा आधी. जितक्या वेळा तुम्ही जाता तितक्या वेळा ती उठते."

"म्हणजे मी कोण वाटतो तिला?"

"तुम्ही तिला दिसूच नका ना. त्यात तिचं भलं आहे."

एवढं ऐकून कोणीही शहाणा माणूस गप्प घरी बसला असता. मी मासे बंद केले. पण दुसऱ्या दिवशी सातला वर गेलो, फोन घेऊन. म्हटलं, शेवटचा एक चांगला व्हिडिओ काढू आणि मग नाही जायचं. कठड्यावरून वाकलो तशी मादी उठली. टाकीभोवती एक फेरी मारली आणि कर्कश ओरडत सरळ माझ्या डोक्यावर आली. मी खाली बसलो. ती वर गेली, पुन्हा आली. मी टाकीच्या आड सरकलो, ती माझ्या मागे. मला हसू येत होतं, खरं सांगतो. पन्नाशीचा माणूस टाकीभोवती रांगतोय आणि वरून पक्षी त्याला हाकलतोय.

हसत उठलो तेव्हा छज्ज्यावर कावळे होते. सहा, सात. मादी माझ्यावरून वळून त्यांच्यावर गेली, पण तोवर एक कावळा सुरूच्या झाडांकडे निघाला होता आणि त्याच्या चोचीत काहीतरी पांढरं होतं.

तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. त्यात आकाश आहे, माझी चप्पल आहे, माझं हसणं आहे, आणि मागे कावळे ऐकू येतात.

खाली आलो तेव्हा बायको कोकमं फोडत बसली होती. सगळं सांगून टाकलं. मुंडकी, साडू, पिल्लू.

"मांजर कधीपासून उडायला लागलं?" एवढं म्हणून ती थांबली. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं असावं. मग लाल झालेले हात तसेच धरून म्हणाली, "लहानपणी आम्ही वाळत घातलेली मासळी राखायला बसायचो. दिवसभर, हातात काठी घेऊन. कावळ्याला एकदा मासा मिळाला ना, की तो जागा विसरत नाही. देणारा माणूस तर नाहीच नाही. मला विचारायचंत."

"तू मुंडक्यांवरून बोलली असतीस."

"बोलले असते. पण पिल्लू राहिलं असतं."

एक अजून होतं. ते वाचवायचं म्हणून मी ऑफिसात रजा टाकली आणि काठी घेऊन गच्चीच्या दारात बसलो. दोन दिवस बसलो. मी बसलोय तोवर मादी छज्ज्यावर उतरेना; समोरच्या इमारतीवरून ओरडत राहिली. पिल्लू उन्हात चोच उघडी टाकून पडलेलं. आणि कावळे कमी व्हायच्या ऐवजी वाढत होते. एक हाकलला की तीन येत.

तिसऱ्या दिवशी बायकोने जिन्यातून हाक मारली. "अहो, खाली या. काठी ठेवा तिथेच."

तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं. खाली सुरूच्या झाडांवर सगळे कावळे निवांत बसले होते. "आता वर जा, नुसतं दार उघडा आणि परत या."

मी गेलो, दार उघडलं, आलो.

"तुम्ही कडी काढलीत तसे उठले. तुम्ही आत आलात, बसले. दोन दिवस बघतेय मी. तुमच्या हातात काठी आहे का मासा, त्यांना काही फरक पडत नाही. तुम्ही दिसलात की जेवण आलं."

म्हणजे मी पिल्लाची राखण करत नव्हतो, कावळ्यांना हाका मारत होतो.

"मग आता?"

"वेळ तीच ठेवा. जागा बदला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच्या हाताने मुंडकी कागदात बांधली, तेवढा त्याग तिने केला, आणि मला समुद्रावर पाठवलं. गच्चीची चावी काढून घेतली. मी विचारलं, टाकीचं पाणी कोण बघणार? "नळ सोडला की कळतं पाणी आहे का ते," ती म्हणाली. बारा वर्षांत हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी एकच कावळा आला. मग तिने गच्चीवर जाताना घालायचो तोच जुना चौकडीचा शर्ट घालून जायला सांगितलं. चार दिवसांत सगळे जमले. मग रोज सातला मी वाळूत मुंडकी मांडून उभा, आणि भोवती माझ्या ओळखीचे कावळे. एकदा फिरायला आलेले एक वयस्कर गृहस्थ थांबले. चपला काढून बाजूला उभे राहिले आणि हळू आवाजात विचारलं, "कोणाचं हो?"

खोटं काय सांगायचं ते सुचलं नाही. "लहान होतं," मी म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि पुढे गेले.

मी वर एकदाही गेलो नाही. जिन्याच्या वरच्या, छज्ज्याकडे उघडणाऱ्या जाळीतून बायको तेवढी बघून यायची आणि सांगायची. पंख फुटले. आज कठड्यावर चढलं. आज बाप पोपट घेऊन आला. मी ऐकायचो. मधेच एखाद्या दुपारी गच्चीवर कावळा ओरडला की हातातला घास तसाच राहायचा.

मेमध्ये एका सकाळी समुद्रावरून परत आलो तर ती दारातच उभी होती.

"छज्जा रिकामा आहे," ती म्हणाली.

"उडालं?"

"उडताना नाही बघितलं मी. खालचं आवार फिरून आले, मागची गटारंही बघितली. कुठे पडलेलं नाही."

"आणि आई?"

"समोरच्या इमारतीवर बसलीय. ओरडतेय."

"ओरडतेय म्हणजे कशी? बोलावल्यासारखी की..."

"ते मला कसं कळणार?"

मी चावीसाठी हात पुढे केला. तिने चावी कमरेला खोचलेली होती, ती तशीच ठेवली.

"बसलं असेल जवळच कुठेतरी," ती म्हणाली. "उद्याही समुद्रावर जा. तुम्ही तिकडे आहात तोवर इकडे बरं आहे."