'हाव' म्हटलं म्हणून 'बी' ग्रेड

मंडळी, आज डोकं लई फिरलंय, म्हणून लिहून राहिलो.

लातूरला मुलींच्या फुटबॉल संघाची निवड चाचणी होती. नांदेडला माझ्याकडं शिकणारी प्रज्ञा बचावात खेळते. आज तिला चकवून एकही पोरगी बॉल घेऊन पुढं गेली नाही. तरी तिला 'बी' ग्रेड. 'ए'वाल्या पोरी शिबिराला जाणार, 'बी'वाल्या घरी.

बाहेरगावाहून निवडीसाठी आलेल्या सरांना मी विचारलं, "कुठं कमी पडली?"

"खेळ चांगला आहे हो तिचा. पण उद्धट आहे. मी विचारलं, शिबिरात शिस्त पाळशील ना? तर म्हणते, हाव!"

"सर, आमच्याकडं हाव म्हणजे हो. पोरं मायबापालाबी तसंच म्हणतात."

"असेल. पण उद्या मोठ्या मैदानावर हे चालणार नाही. ग्रेड नुसत्या खेळाची नसते."

मग कशाची असते, यावर मी बराच वेळ भांडलो. ग्रेड काही बदलली नाही. आणि हे सगळं प्रज्ञा मागं उभी राहून ऐकत होती, हे मला फार उशिरा दिसलं.

एसटीनं दोघं नांदेडला परतलो. घरी सोडायला गेलो, तर आईनं दारातच विचारलं, "भूक लागली असंल ना गं?"

प्रज्ञा खाली बघत म्हणाली, "हो."

आई दचकली. मला म्हणाली, "सर, ही अशी का बोलून राहिली?"

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?